कर्टचं धुकं

संगणकात नवा ड्रायव्हर आला की जुने खेळ मरतात, आणि ज्यांनी ते मारले त्यांना त्याचा पत्ताही नसतो. नॅडीन बोनेटीचं हे ठाम मत होतं आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती ते ऐकवायची, त्याने विचारलेलं असो वा नसो. हँकॉक गावाच्या मुख्य रस्त्यावर पूर्वी बुटांचं दुकान होतं, त्या जागेत ती बसायची. पाटीवर नुसतं 'संगणक दुरुस्ती' लिहिलेलं; पण तिचं नाव झालं होतं ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे खेळ आजच्या यंत्रांवर चालवून देण्यात. लांबलांबून माणसं तिला आपल्या डिस्का पाठवत. कुणाच्या खेळात भिंती पांढऱ्याफटक, कुणाच्यात नदीचं पाणी काळं, कुणाच्यात माणसांना डोकीच नाहीत. माशी कुठे शिंकली ते नॅडीन शोधून काढायची. दोन दोन दिवस जेवणाची शुद्ध नसायची, आणि नवऱ्याने घटस्फोटाच्या अर्जात तेही एक कारण म्हणून लिहिलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी रेनो मॅटिला आला. मासे पकडायला बर्फावर नेतात तसली प्लास्टिकची घसरगाडी दोरीने ओढत, आणि तिच्यावर घोंगडीत गुंडाळलेला एक पिवळट पडलेला संगणक. वय एक्याऐंशी.

"दार धर गं," तो बाहेरूनच ओरडला.

"मिस्टर मॅटिला! अहो, फोन केला असतात तर मी आले असते न्यायला."

"पस्तीस वर्षं या गावातलं बर्फ मी सारलंय. एक डबा ओढायला मला माणूस लागत नाही."

नॅडीनने डबा टेबलावर घेतला. तो कुणाचा हे तिला विचारावं लागलं नाही. डब्यावर हिरव्या शाईने काढलेली कवटी होती आणि ती तिनेच काढली होती, शाळेच्या शेवटच्या वर्षी. कर्ट मॅटिला तिच्या वर्गातला. चर्चच्या तळघरात सहा-सात जणांनी आपापले संगणक नेऊन शनिवारभर खेळात एकमेकांना गोळ्या घालायच्या, हा त्या काळचा त्यांचा सोहळा. एकोणीसशे नव्याण्णवच्या फेब्रुवारीत कर्ट खाडीपलीकडच्या मित्राकडून गोठलेल्या खाडीवरून चालत घरी यायला निघाला आणि घरी पोचलाच नाही. बर्फ वितळल्यावर मे महिन्यात सापडला. एकोणीस वर्षांचा होता.

रेनो तिच्याशी बोलताना तिच्या डोक्यामागच्या कॅलेंडरकडे बघत होता. अजून राग आहे की काय, असं नॅडीनच्या मनात आलं. कशाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"डोळ्यांचा मधला भाग गेलाय," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघितलं की तू नाहीशी होतेस. कॅलेंडरकडे बघितलं की दिसतेस. उन्हाळ्यापर्यंत तेही जाईल म्हणते डॉक्टरीण."

"अरे देवा."

"देवाला मध्ये आणू नकोस. कर्टने यात आमचं घर केलं होतं. जेवताना सांगत होता एकदा. बाबा, मी आपलं घर केलंय, आतून बाहेरून. मी म्हटलं, आधी खऱ्या घराच्या छपरावरचं बर्फ काढ. कधी बघितलं नाही मी. आता बघायचंय. दिसतंय तोवर. गेल्या आठवड्यात चालू करून बघितला तर धूर आला."

घर केलं होतं म्हणजे काय, ते नॅडीनला चांगलं ठाऊक होतं. तळघरात राक्षस मारत फिरण्याचा तो खेळ. त्याच्यासोबत नवे नकाशे बनवायचं साधन यायचं. बाकीची पोरं किल्ले आणि गुहा बांधत. कर्टने बांधलं आपलं घर, अंगण, सौनाची म्हणजे वाफेने अंघोळ करायची खोली आणि समोरची खाडी. जानेवारीत फ्लॉपीवर घालून तिला तपासायला दिलं होतं. तिने तपासलं दहा मिनिटं. नकाशे तपासायची त्यांची रीतच ती: भिंतींतून आरपार उडत जायचं, कुठे फट राहिलीय का बघायचं, आणि मोकळं व्हायचं. तिने लिहून कळवलं, 'धुकं झकास. घरात काहीच घडत नाही. काहीतरी घाल.' त्याचं उत्तर आलं, 'थांबायला हवं होतंस.' ती पुन्हा बघायची राहून गेली. चार आठवड्यांनी तो गेला.

"बघते मी," ती म्हणाली. "गुरुवारी या."

डबा उघडला तर वीजपुरवठ्याचा भाग जळाला होता आणि जाताना पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डालाही घेऊन गेला होता. त्या जातीचं कार्ड आता मिळणं मुश्कील. बनवणारी कंपनीच कधीची बुडाली. सुदैवाने डिस्क वाचली होती. नॅडीनने आधी तिची जशीच्या तशी नक्कल केली, मूळ डिस्क खणात ठेवून कुलूप लावलं आणि नकलेवरून खेळ आपल्या नव्या यंत्रावर चालू केला.

व्हायचं तेच झालं. घराच्या भिंती पांढऱ्या, छत पांढरं, आणि धुकं गायब. जुने खेळ ज्या भाषेत कार्डाशी बोलत ती भाषा नव्या ड्रायव्हरना, म्हणजे कार्ड हाकणाऱ्या प्रोग्रॅमना, येत नाही, आणि येत नाही असं ते सांगतही नाहीत. आपल्याला कळलं नाही ते सरळ गाळून टाकतात. धुकं हा त्यातला पहिला बळी. नॅडीनच्या धंद्यात निम्म्या तक्रारी धुक्याच्याच. म्हणून अशा वेळी कुणीही करील तेच तिने केलं: काय दिसतंय ते न बघता आधी धुकं परत आणायच्या मागे लागली. खेळ आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये बसून इकडचं तिकडे समजावून सांगणारे छोटे प्रोग्रॅम असतात, ती त्यांना दुभाषे म्हणायची. तीन दुभाषे बदलून झाले, तेव्हा भिंतींना रंग चढला. चौथ्याने धुकं आणलं.

धुकं आलं. तेच घर. कर्टच्या आईचं, आयली मॅटिलाचं, ते निळं स्वयंपाकघर, भिंतीवरच्या कपाटाची एक तिरकी फळी, चुलीजवळ वाळत घातलेले हातमोजे. खिडकीतून अंगण दिसायचं, अंगणाच्या टोकाला सौना, आणि त्यापुढे खाडीवर राखाडी धुकं, हात घातला तर हात दिसू नये असं. एकोणीस वर्षांच्या पोराने प्रत्येक फळी मोजून केलेलं घर पंचवीस वर्षांनी तिच्या टेबलावर उभं राहिलं होतं, आणि त्यात कुणी नव्हतं. तिला रडू आलं, म्हणून तिने आवाज बंद ठेवून दुपारभर रंगांची बारीकसारीक डागडुजी केली. खेळ चालूच होता.

गुरुवारी रेनो आला. तिने त्याला खुर्चीत बसवलं, पडदा डावीकडे सरकवला, म्हणजे त्याला डोळ्याच्या कडेने बघता येईल. पहिल्यांदाच आवाज चालू केला. बाहेर वारा घुमत होता. तोही कर्टनेच घातलेला.

"हे आपलं... हे स्वयंपाकघर," रेनो म्हणाला. "ही फळी मी अजून सरळ केलेली नाही."

"तिरकीच केलीय त्याने."

"टोमणा मारतोय." रेनो हसला. तो हसताना तिने कधी बघितला नव्हता. "आयलीचे हातमोजे बघ. उजवा फाटका. तोही फाटका काढलाय गाढवाने."

ती कळा दाबत होती आणि तो सांगत होता: आता माडीवर, आता खाली, आता चुलीजवळ थांब. दोन मिनिटं झाली असतील नसतील. अचानक दारावर टकटक झाली. टकटक म्हणजे काय, सुतारपक्षी झाडावर तुटून पडावा तसा एक कर्कश खडखडाट, अर्धा क्षणसुद्धा नाही. मग शांतता, आणि फक्त वारा.

नॅडीन दचकून मागे सरकली. खेळात असं काही आहे हे तिला माहीत नव्हतं. तिने वळून बघितलं तर रेनोच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब उरला नव्हता.

"बंद कर," तो म्हणाला.

"मिस्टर मॅटिला, हे बहुतेक—"

"बंद कर म्हटलं ना!"

तो उठला, टेबलाला धडकला, आणि दार उघडून चालता झाला. टोपी खुर्चीवरच राहिली. बाहेर शून्याखाली वीस होतं.

तो गेल्यावर नॅडीनने जे कधीच करत नसे ते केलं. आपण दुरुस्त केलेलं धुकं तिने पुन्हा काढून टाकलं.

खाडी लख्ख दिसली. पलीकडच्या काठापर्यंत पांढरी सपाटी, दीड मैल. आणि त्या सपाटीवरून एक माणूस घराकडे येत होता. किल्ली दिलेल्या खेळण्यासारखा तो सुसाट येत होता, पाय दिसत नव्हते इतके जलद. अंगणात आला, दाराशी पोचला, खडखडाट झाला, दोन क्षण उभा राहिला, वळला, आणि तसाच सुसाट परत गेला. पलीकडचा काठ गाठून पुन्हा निघाला.

कारण तिला लगेच कळलं. कारण कळलं म्हणून भीती गेली नाही. त्या काळचे खेळ यंत्राच्या वेगावर माणसांना चालवत. सेकंदाला जितकी चित्रं काढली जातील तितकी पावलं. कर्टच्या यंत्रावर सेकंदाला वीसेक चित्रं निघत. तिच्या यंत्रावर पाचशे. कर्टच्या यंत्रावर ह्या माणसाला खाडी ओलांडायला पन्नास मिनिटं लागली असती. खरी लागतात तितकीच. पन्नास मिनिटं स्वयंपाकघरात रिकामं बसून राहील असा तपासणारा त्यांच्यात कोण होता? आणि काल दुपारभर, आवाज बंद करून ती चुलीच्या विटांचा रंग जुळवत बसली होती, तेव्हा धुक्याआड तो पन्नास वेळा आला होता आणि पन्नास वेळा परत गेला होता. तिने यंत्र बंद केलं आणि त्या दिवशी लवकर दुकान बंद करून घरी गेली.

शुक्रवारी सकाळी टोपी घेऊन ती मॅटिलांकडे गेली. दार रेनोनेच उघडलं. आत ये म्हणाला नाही, पण दारातून बाजूला झाला, आणि कॉफीचं भांडं चुलीवर चढवलं. तीच निळी भिंत, तीच तिरकी फळी. नॅडीनला आपण कुठे बसलो आहोत याचा क्षणभर भरवसा वाटेना.

"तुम्ही घाबरलात म्हणून सांगायला आले," ती म्हणाली. "तो एक माणूस आहे. कर्टने घातलेला. खाडीवरून चालत येतो, दार वाजवतो, उघडलं नाही तर परत जातो. माझ्या यंत्राचा वेग जास्त म्हणून तसा भयंकर आवाज आला. भूतबीत काही नाही."

"परत जातो," रेनो म्हणाला.

"हो."

त्याने वेलदोड्याच्या पावाचे दोन तुकडे कापले, एक तिच्यापुढे ठेवला, आणि स्वतःचा तसाच हातात धरून राहिला.

"दहा वाजता मी दाराला कडी घालायचो," तो म्हणाला. "तीनला उठून बर्फ सारायची गाडी काढावी लागायची. रात्री-बेरात्री दार वाजवून कुणी उठवायचं नाही, असा नियम. डिसेंबरात तो एकदा उशिरा आला, मी उघडलं नाही. सौनात झोपला. सकाळी माझ्याशी बोलला नाही. त्यावरूनच केलं असणार त्याने हे."

"आणि फेब्रुवारीत?"

प्रश्न तिच्या तोंडून निघून गेला आणि तिला वाटलं, जीभ चावली असती तर बरं.

"सगळ्यांना वाटतं तो येताना बुडाला," रेनो म्हणाला. "मीच तसं सांगितलं. शेरीफला सांगितलं, आलाच नाही. तो आला होता, नॅडीन. अकरा वाजून दहा मिनिटांनी. तीनदा वाजवलं. मी जागा होतो. पडून राहिलो. म्हटलं, शिकू दे. सौनात जाऊन झोपेल. मग पावलांचा आवाज गेला. सौनाच्या बाजूला नाही गेला. खाडीच्या बाजूला गेला. तेही कळलं मला, आणि मी पडूनच राहिलो."

तिला त्याचा संताप आला आणि त्याची दयाही आली, आणि दोन्ही एकदमच आल्याने ती कॉफीच्या कपात बघत बसली.

"आयलीला माहीत होतं?"

"ती झोपली होती. तेवढी एक मेहरबानी झाली माझ्यावर. दोन वर्षांपूर्वी गेली, तोपर्यंत तिला यातलं काही कळलं नाही." त्याने तुकडा ताटलीत ठेवून दिला. "तो असा पळत येत नव्हता. सुतारपक्ष्यासारखं दार वाजवत नव्हता. त्याला नीट चालव. आणि मला सांग, दार उघडायला कुठली कळ दाबायची."

"मिस्टर मॅटिला, तो फक्त एक—"

"मला ठाऊक आहे तो काय आहे. मी आंधळा होतोय, खुळा नाही. कळ सांग."

नॅडीनने शनिवार दुकान बंद ठेवलं. वेगाला लगाम घालणं वरवर सोपं. सेकंदाला वीसच चित्रं काढ असं सांगायचं, झालं. पण वेग आवरला की चौथा दुभाष्या धुकं टाकून देई. धुकं धरलं की वेग सुटे. तिने दुभाषे उलटसुलट करून बघितले, मधेच यंत्राला शिव्या दिल्या, ड्रायव्हर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. धुक्याशिवायही चाललं असतं खरं तर. तिने रेनोला फोन करून विचारलंही: धुकं नसलं तर तो येताना लांबून दिसेल, ते बरं नाही का?

"नको," तो म्हणाला. "मला तेव्हा दिसत नव्हता. आता फुकटात नको."

शेवटी तिने नवा ड्रायव्हर मुळापासून काढला आणि आपल्या खोक्यांतल्या जुन्या डिस्का धुंडाळून सहा वर्षांपूर्वीचा घातला. दुपारी चार वाजता दोन्ही एकदम जमलं. तिने घड्याळ लावलं आणि कर्टने सांगितलं होतं ते पहिल्यांदाच केलं: थांबली. एकोणपन्नास मिनिटांनी दारावर तीन थापा पडल्या, सावकाश, माणसाच्या हाताच्या. तिने दार उघडलं नाही. तिचा तो हक्क नव्हता. पावलांचा आवाज अंगणातून दूर जाईपर्यंत ती उशीत तोंड खुपसावं तशी बाहीत तोंड खुपसून बसली होती.

रविवारी एक वाजता ती यंत्र घेऊन मॅटिलांकडे गेली. रेनोने कर्टच्या खोलीत टेबल रिकामं करून ठेवलं होतं. त्याने दाढी केली होती, स्वच्छ सदरा घातला होता. नॅडीनने त्याची तर्जनी धरून कळेवर ठेवली. कळेवर तिने चिकटपट्टीचा तुकडा लावला होता, हाताला कळावा म्हणून.

"ही दाबली की दार उघडतं. तीन थापांनंतर मिनिटभर तो थांबतो. मग जातो."

"मिनिटभर," रेनो म्हणाला. "त्या रात्री जास्त थांबला होता."

खेळ सुरू झाला. निळं स्वयंपाकघर, वारा, आणि खिडकीबाहेर धुकं. ते दोघं बसून राहिले. पहिली दहा मिनिटं रेनो काही ना काही बोलत होता: शेजारच्या लिआहीने यंदा छपरावरचं बर्फ काढलंच नाही, एक दिवस छपरासकट खाली येईल, हल्लीची बर्फ सारणारी पोरं पाती इतकी वर धरतात की रस्ता दिसतच नाही. नॅडीनला धुक्याकडे बघवेना आणि नजर काढवेना. आत कुणीतरी चाललंय, अर्ध्यावर आलंय, आता पाऊण वाट झाली, हे ठाऊक असून काहीच न दिसणं. खऱ्या खिडकीबाहेर दुपारचं ऊन पडलं होतं. पंचवीस वर्षं हा पोरगा त्या डब्यात चालत होता, असं तिला वाटलं, आणि असं वाटणं बरोबर नाही हे कळूनही वाटायचं थांबेना.

एक वाजून बावन्न मिनिटांनी थापा पडल्या. तीन.

रेनोचं बोट कळेवर होतं. ते हललं नाही. तो त्या दाराकडे सरळ बघत होता, म्हणजे त्याला काहीच दिसत नव्हतं. त्याचा श्वास मोठ्याने चालू होता. नॅडीन मनातल्या मनात मोजत होती: दहा, पंधरा, वीस. 'दाबा ना,' असं तिच्या ओठांवर आलं. पंचवीस. तिने हात पुढे केला.

"हात लावू नकोस," रेनो म्हणाला.

तीस. पस्तीस. मग तो मोठ्याने, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "थांब, आलो! आलो रे!" आणि त्याने कळ दाबली.

दार उघडलं. उंबऱ्यावर कर्ट होता. अंगावर खेळातल्या शिपायाचाच डगला, पण चेहऱ्याच्या जागी त्याने शाळेतला आपला फोटो चिकटवला होता. ठिपक्याठिपक्यांचा, कान कापले गेलेला, हसरा. रेनोने मान डावीकडे वळवली, भिंतीकडे, आणि तसाच तिरक्या डोळ्याने त्याला बघत राहिला. कर्ट आत आला. त्यांच्या बाजूने पुढे गेला आणि चुलीपाशी पाठमोरा उभा राहिला. एवढंच. मग पडदा हळूहळू काळा झाला.

"संपलं?" रेनोने विचारलं. त्याचे गाल ओले झाले होते आणि त्याने ते पुसले नाहीत.

"संपलं बहुतेक."

पण संपलं नव्हतं. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली. कर्टने यादी ठेवली होती: दार उघडणाऱ्याने चार शब्द लिहायचे, पुढे तारीख आणि उघडायला लागलेले सेकंद. यादी रिकामी असेल असं नॅडीनने धरलं होतं. ती भरलेली होती. ओळीखाली ओळ, पानांमागून पानं.

"काय आलंय? बारीक आहे, मला दिसत नाही."

"दार कुणी कुणी उघडलं त्याची यादी आहे."

"आमच्या घरातला संगणक. उघडणार कोण? तारखा वाच."

तिने वाचल्या. पहिली एकोणीसशे नव्याण्णवच्या मार्चमधली. पुढची तिच्यानंतर सात दिवसांनी. मग पुन्हा सात दिवसांनी. शेवटची दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातली.

"रविवार," रेनो सावकाश म्हणाला. "सगळे रविवार आहेत. मी चर्चला असायचो. आयली म्हणायची, गुडघे दुखतात, तुम्ही जाऊन या." त्याने टेबलाची कड धरली. "सेकंद किती?"

"शून्य. एक. शून्य. शून्य." नॅडीनने यादी खाली सरकवली. "दारातच उभ्या असायच्या बहुतेक."

"नाव काय लिहिलंय? आयली?"

नॅडीनने पडद्याकडे बघितलं. प्रत्येक ओळीत तेच शब्द होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हजारावर वेळा. 'हो, आयली' एवढंच म्हणायचं होतं. म्हातारा ते घेऊन सुखाने आंधळा झाला असता. पण एकदा न थांबता, न बघता तिने या घराबद्दल 'काहीच घडत नाही' असं कळवलं होतं, आणि पुन्हा तसं खोटं तिच्याने कळववेना.

"नाव नाही लिहिलेलं," ती म्हणाली. "लिहिलंय, 'आई जागी आहे'."

खाली चुलीवर ठेवलेलं पाणी उकळून भांड्याचं झाकण वाजू लागलं, तरी तो उठला नाही. नॅडीन खाली गेली, चूल बंद केली, परत आली. तो होता तसाच बसला होता.

"एकाच पलंगावर," तो शेवटी म्हणाला. "माझ्या शेजारी. मी उठेन म्हणून वाट बघत होती ती. आणि मला वाटलं झोपलीय. पुढची बावीस-तेवीस वर्षं आम्ही दोघं त्याच पलंगावर झोपलो, नॅडीन. रोज सकाळी तिने मला कॉफी दिली."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्याने झटकला नाही. यादीच्या शेवटी एक रिकामी ओळ होती, पुढे आजची तारीख, आणि लिहिण्याच्या जागी एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

"तुम्हाला काय लिहायचंय ते खेळ विचारतोय," ती म्हणाली.

"मला किती लागले?"

"अडतीस सेकंद."

त्याने मान हलवली. बराच वेळ तो ओठ हलवत, शब्द जुळवत राहिला.

"लिही," तो म्हणाला. "'बाबाही जागा होता'."

नॅडीनने ते लिहिलं.